दार उघडलं की वाजतं

दाराला सेन्सर लावायचा हे मुलीने ठरवलं. ती खराडीला आयटी कंपनीत आहे आणि तिथे बसून आमचं कसब्यातलं घर चालवते, निदान तिला तसं वाटतं. "आई, बाबा परत बाहेर गेले तर तुला कळायला नको का? वायरलेस असतो, एकदम सिंपल आहे. फक्त चिकटवायचा." मी म्हटलं, बरं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत असे.

आमचे हे दोनदा न सांगता घराबाहेर पडले होते. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सकाळी कॅशची खिडकी उघडायची वेळ झाली की त्यांना निघायचं असतं. पहिल्यांदा ते तांबट आळीत एका दुकानाच्या पायरीवर बसलेले मिळाले. दुसऱ्यांदा संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. नदीपलीकडच्या एका बसस्टॉपवर सापडले तेव्हा हातात डब्याची रिकामी पिशवी होती आणि एका पायात चप्पल नव्हती. पुढच्या वेळी सापडतीलच असं नाही, हे मला कळत होतं. पण कळण्यापुढे काही होत नव्हतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी मी घरी येऊन भेंडी चिरली. भाजी चिकट झाली, एवढंच मला त्या दिवसाचं आठवतं.

कुलूप लावून पाहिलं होतं. त्यांनी दारावर इतक्या थापा मारल्या की तळहात सुजले आणि खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या. मी माणसाला कोंडून ठेवलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. कोंडलं होतंच की. त्यानंतर मी कुलूप काढून टाकलं.

बुधवार पेठेत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "चोरासाठी हवाय की घरातल्या माणसासाठी?"

"त्यात काय फरक आहे?"

"चोर बाहेरून येतो."

"घरातल्या माणसासाठी," मी म्हटलं.

"मग मोठ्या आवाजाचा न्या. आणि आवाज फार मोठा आहे म्हणून परत घेऊन येऊ नका, बदलून मिळणार नाही." एवढं बोलून त्याने खोकं पुढे सरकवलं. मला तो माणूस आवडला. आजकाल जो तो माझ्याशी हळुवार आवाजात बोलत असे, आणि मला त्याचा वीट आला होता.

खोक्यात तीन वस्तू होत्या. सेलवर चालणारी एक लांबट डबी, ती चौकटीवर लावायची. एक छोटं लोहचुंबक, ते दारावर. आणि एक भोंगा, तो घरात कुठेही प्लगमध्ये खोचायचा. दार उघडून डबी आणि चुंबक लांब गेले की भोंगा वाजतो, दार लावलं की थांबतो. चौकट आधी पुसून घ्या, असं कागदावर लिहिलेलं होतं. आमच्या चौकटीवर दर सणाला ओढलेल्या हळदीकुंकवाच्या बोटांचा तेलकट थर होता, त्यावर चिकटपट्टी धरेना. मी घासणी आणि साबण घेऊन ती सगळी बोटं घासून काढली. काढताना काहीतरी वाटेल म्हणून क्षणभर थांबलेही. काही वाटलं नाही, म्हणून उरलेलं घासलं.

तरी गाडी अडलीच. जुनं जाड दार चौकटीच्या आत बसतं, त्यामुळे डबी आणि चुंबक यांच्यात अंतर राहायचं. दार बंद असलं तरी त्या यंत्राला ते उघडंच वाटायचं आणि ते कोकलत राहायचं. शेवटी मोडक्या पाटाचा एक पाय शोधला, तो चुंबकाखाली चिकटवला आणि चुंबक वर उचललं. भोंगा गप्प झाला. मुलीला फोटो पाठवला. तिने उलट लिहिलं, "ग्रेट, आता नीट टेस्ट कर."

टेस्ट करायला दोन माणसं लागतात, हे तिच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. एकाने दार उघडायचं आणि दुसऱ्याने घरात जिथे जिथे काम करतो तिथे उभं राहून आवाज पोचतो का ते ऐकायचं. घरात माणसं दोनच. ज्यांना अडवायचं त्यांनाच मदतीला घ्यावं लागलं.

"अहो, मी स्वयंपाकघरात जाते. हाक मारली की दार उघडा," मी सांगितलं. ते खूश झाले. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना काम सांगितलं होतं. मी मिक्सर लावला आणि हाक मारली. त्यांनी दार उघडलं आणि भोंगा असा किंचाळला की ते दोन्ही कानांवर हात ठेवून उभे राहिले. मी धावत बाहेर येऊन ओरडले, "लावा, दार लावा!" त्यांनी दार ढकललं. आवाज बंद.

"थांबला," ते म्हणाले. चेहरा असा, की दिवसाचा हिशेब पैशापर्यंत जुळला असावा.

मग मी न्हाणीघरात नळ सोडून ऐकलं, गच्चीच्या जिन्याशी उभं राहून ऐकलं. दर वेळी ते उघडत आणि वाजलं की चपळाईने लावत. शेवटी मी त्यांना समोर बसवून सांगितलं, "हे वाजलं की लगेच दार लावायचं. आणि मग कुणी काहीही म्हणो, उघडायचं नाही."

"ऑर्डर कुणाची?"

"माझी."

"ठीक आहे," ते म्हणाले. नोकरीत त्यांनी कधी नियम मोडला नाही. खिडकी बंद झाल्यावर सख्खा भाऊ आला तरी त्याला दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं होतं. भाऊ पुढे दोन दिवाळ्या आमच्याकडे आला नाही.

यंत्राने आपलं काम चोख केलं. सकाळी हे पिशवी घेऊन दार उघडत, भोंगा वाजे, हे घाईघाईने दार लावून घेत आणि माझ्याकडे येऊन सांगत, "कुणीतरी दार उघडत होतं. मी लावून घेतलं."

"बरं केलंत," मी म्हणत असे. ते दार कुणी उघडलं होतं हे मी कधी सांगितलं नाही. त्यांचा पहारा चालू राहिला आणि माझा स्वयंपाक व्हायला लागला. मुलगी फोनवर म्हणाली, "बघ, किती रिलीफ आहे ना?" मी म्हटलं, हो. रिलीफ होता की नाही, मला सांगता आलं नसतं. हात चालत होते, दिवस जात होते.

मला स्वतःला बाहेर जायचं असलं की मी भोंग्याचं बटण आधी बंद करत असे. त्या दिवशी विसरले. भाजीवाला जिन्यात पिशवी ठेवून गेला होता, ती उचलायला दोन पावलं बाहेर टाकली. आत भोंगा सुरू झाला. मागे वळते तोवर सपातांचा आवाज आला, दार धाडकन लागलं, लॅच बसलं आणि भोंगा थांबला. किल्ली आत, फोन आत, मी कोथिंबीर घेऊन बाहेर.

"अहो, उघडा. मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"अहो, मीच."

"तसं सगळेच म्हणतात," आतून उत्तर आलं.

आमच्या वेळच्या बायका दाराबाहेरून 'मी' एवढंच म्हणत आल्या आणि दारं उघडत आली. मी त्यांना अहो म्हणायचे, ते मला अगं म्हणायचे, त्यातच सगळा संसार झाला. त्यांचं नाव मी उखाण्यापलीकडे कधी घेतलं नव्हतं. आता जिन्यात उभं राहून मी माझं नाव सांगितलं, लग्नात त्यांनीच ठेवलेलं, पुढे त्यांचं नाव, मग आडनाव. मोठ्याने, शाळेत हजेरी देतात तसं.

आत सपाता दाराच्या आणखी जवळ आल्या.

"हे आमच्या मंडळींचं नाव आहे," ते म्हणाले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

आवाज ऐकून खालच्या बाई वर आल्या. त्यांनी मुलीला फोन लावला, तिच्याकडे दुसरी किल्ली होती. खराडीहून यायचं म्हणजे तासभर तरी लागणार होता. बाई म्हणाल्या, तोवर आमच्याकडे बसा. मी म्हटलं, नको, इथेच थांबते.

त्या खाली गेल्यावर मी पुन्हा दाराशी गेले. "जरा उघडता का? मला तुमच्या मंडळींकडेच काम आहे."

"नाही उघडता येणार. ऑर्डर आहे तिची." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कडक आहे जरा. पण तुम्ही उभ्या राहू नका, पायरीवर बसा. येईल ती. मला टाकून लांब कुठे जात नाही ती."

हे त्यांनी मला उभ्या जन्मात कधी ऐकवलं नव्हतं. मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं. डॉक्टरांकडे आलं नव्हतं, बसस्टॉपवर आलं नव्हतं, ते आता आलं. पदर तोंडाशी धरून मी रडले, आत ऐकू जाऊ नये म्हणून. परक्या बाईला दाराशी रडताना ऐकून ते घाबरले असते.

आत खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. ते दाराला लागून बसले असावेत, कारण पुढचं बोलणं अगदी जवळून आलं.

"काय हो बाई," त्यांनी विचारलं, "दिसतेय का ती?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."