मामांचं चोरीला गेलेलं पाणी

माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात कशावरच सहजासहजी विश्वास ठेवला नाही. दुकानदाराच्या तराजूवर नाही, डॉक्टरच्या गोळीवर नाही, रेडिओवरच्या हवामानावर तर मुळीच नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडलो, तेव्हा आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "पावणं, पाटबंधाऱ्यात न्हाय न्हवं नोकरीला?" मी बँकेत आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा आणखीच पडला.

नव्वद सालाच्या सुमारास सगळा जिल्हा उसामागं धावत असताना मामांनी पन्हाळ्याच्या उतारावरच्या आपल्या रानात कॉफी लावली. का, तर सगळे जे लावतात त्यात काहीतरी काळंबेरं असणार! बरं, स्वतः कॉफी कधी प्यायले नाहीत. "झोप उडतीया म्हंत्यात. म्हंजे कायतरी मिसळल्यालं असनार त्यात," असं म्हणत ते आपल्या मळ्यात बसून चहा प्यायचे.

त्यांचा खरा राग मात्र पाण्यावर. उतारावर पडलेला पाऊस क्षणभरही थांबत नाही, ही त्यांच्या लेखी सरळसरळ दगाबाजी होती. "आलंय माझ्या रानात, तर मुक्कामाला ऱ्हायला नको?" म्हणून त्यांनी झाडांच्या ओळींमधून आडवे चर खणले, त्यांत पालापाचोळा भरला आणि भर पावसात घोंगडं पांघरून चरांवर पहारा दिला. पाणी बिचारं जिरू लागलं. भर उन्हाळ्यात मामांची झाडं तग धरू लागली. पण त्याचबरोबर खालच्या रानातल्या आप्पांची विहीर, जी शिमग्यालाच तळ दाखवायची, तिच्यात मे महिन्यातही पाणी दिसू लागलं.

झालं! आप्पा आपलं पाणी चोरतात, हे मामांनी ठरवून टाकलं. पुरावा हवा म्हणून जोतिबाच्या यात्रेतून त्यांनी पोतंभर गुलाल आणला, ऐन आषाढात चरांत ओतला आणि आप्पांच्या विहिरीच्या काठावर छत्री घेऊन ठाण मांडलं. पाणी काही गुलाबी होईना. दुसरा कोणी असता तर वरमून घरी गेला असता. मामा मला म्हणाले, "बघितलं न्हवं? गाळून घेतोय!" त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

मग एका वर्षी वळीव आलाच नाही. कॉफीच्या कळ्या चांगल्या सरीची वाट बघत थांबलेल्या असतात. सर पडली की आठवड्याभरात सगळं रान पांढरं होतं, नाही पडली तर कळ्या जागच्या जागी वाळतात आणि वर्ष हातचं जातं. चरांनी झाडं जगवली होती, पण कळ्यांना वरून पाणी पाहिजे होतं. मामांकडे ना विहीर, ना बोअर, कारण बोअरवाल्यावर विश्वास नव्हता. ते नुसतेच कळ्या चाचपत या झाडापासून त्या झाडापर्यंत फिरत होते. 

"आप्पांना विचारा की," मी म्हटलं.

"चोराकडं मागू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून इंजिनाचा आवाज आला. आप्पा स्वतः पाइप ओढत बांधावर येऊन उभे राहिले.

"ह्यात काय डाव हाय?" मामा ओरडले.

"डाव कसला? तुमचंच पानी हाय. इतकी वर्सं चोरलं, आता परत घ्या की."

मामांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "शेवटी कबूल झालास!" असं म्हणून पाइप हातात घेतला, आणि मग तोंड फिरवून बराच वेळ झाडांवर पाणी मारत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, पण त्याबद्दल त्यांना विचारायची सोय नव्हती.

रान फुललं. मोगऱ्यासारखा वास पार आप्पांच्या अंगणापर्यंत गेला. चोर कबूल झाल्याचं मामांनी गावभर सांगितलं आणि रोज संध्याकाळी त्याच चोराच्या विहिरीवर चहाला जाऊन बसू लागले.

गेल्या वर्षी आप्पा वारले. मुलं पुण्यात, रान पडीक. यंदाच्या उन्हाळ्यात गेलो, तर मामा विहिरीच्या काठावर एकटेच बसले होते. पाणी हाताला लागेल इतकं वर आलेलं. मी जवळ बसलो. पाण्याकडे बघत ते म्हणाले, "भरल्यालीच ऱ्हातीया आता. कोन चोरतच न्हाय, पावणं."