जुबेदाच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी

खराडीच्या मागच्या वस्तीत बाई गेली की पहिला निरोप खातूनखालाला जायचा. मयतीला अंघोळ घालावी तर तिनंच. हात असा हलका, की मेलेलीलाही दुखू नये. पाणी नसेल तर मातीवर हात मारून तो मयतीच्या तोंडावरून, हातांवरून फिरवावा, अशी धर्मात सोय आहे. पण खालाला ती सोय कधीच नको होती. तिच्या हातची बाई न्हाऊनच जायची.

ऐन मे महिन्यात जुबेदा गेली, खालाची लहानपणापासूनची मैत्रीण. शेजारी टॉवर उभा राहिल्यापासून वस्तीची बोअर आटलेली, टँकरचा पत्ता नाही, घरोघरी उरलं होतं ते पोरांच्या घशापुरतं. आणि टॉवरच्या आवारात मात्र भरलेला टँकर उभा! खाला बादली घेऊन धावली.

तो टँकर कुणाला प्यायला नव्हताच. पावसाचं पाणी जमिनीत जिरवायला बिल्डरनं खड्डा खणून बोअर घेतली होती. ती पाणी घेते की नाही हे पाहिल्याशिवाय इमारतीला दाखला नाही. म्हणून भर उन्हाळ्यात टँकर जमिनीत ओतायचा. नियम करणाऱ्याचं भलं होवो.

"साहेब, दोन बादल्या द्या. घरात मयत आहे."

तपासणीला आलेले माधवसाहेब अतिशय सभ्य. "आजी, मोजमाप चुकेल. आणि वाया कुठं जातंय? आपल्याच नातवंडांसाठी खाली साठतंय. आपण सावलीत बसा. जमिनीनं नाही घेतलं, तर वर उरेल ते सगळं तुमचं."

खाला बसली. पाणी धो धो खड्ड्यात पडू लागलं. मध्येच तुंबलं, काठापर्यंत चढलं. खाला बादली घेऊन उठली. पिऊ नकोस गं बाई, आजच्या दिवस पिऊ नकोस, अशी तिनं जमिनीची करुणा भाकली. मग बुडबुडे आले आणि जमीन सगळं गटागटा पिऊन गेली.

"वा, उत्तम!" म्हणत साहेबांनी सही ठोकली आणि गाडीत बसले. बादली घेऊन उभ्या असलेल्या आजींची त्यांना आठवणही राहिली नव्हती.

उन्हाळ्यात मयत थांबत नाही. खालानं अंगणातल्या धुळीवर हात मारले आणि जुबेदाच्या चेहऱ्यावरून फिरवले. तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

जुबेदाची लेक जैनब दारात उभी होती. "खाला, पाणी कुठंच नव्हतं ना? असलं तर हे चालत नाही म्हणतात."

बाहेर रिकामा टँकर खडखडत निघाला होता.

"नव्हतं गं," खाला मयतीच्या उशाशी बसून खोटं बोलली.