चौकशीच्या दिवसाचे कप

आमच्या गल्लीत पाहुणा कुणाकडंही येवो, त्याचं घर सगळ्यांच्या सामानानं सजायचं. कप शेजारच्या काकूंचे, गालिचा समोरच्या खालाचा, टेबलफॅन कोपऱ्यावरच्या शिंप्याचा. पाहुणा गेला की ज्याचं त्याला परत. यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही. अम्मी तर या कामात पटाईत.

माझा नर्सिंगला नंबर लागला आणि फी माफीसाठी उत्पन्नाचा दाखला मागितला. वर्षाची कमाई ठरलेल्या मर्यादेच्या आत हवी, तरच माफी. नाहीतर फी कुठून भरणार? जागा दुसरीला जाणार. अब्बा कूलरचं गवत बदलायचे. आम्ही मर्यादेत बसणार नाही तर कोण बसणार, असं मला वाटलं. पण तलाठी म्हणाले, "घरी येऊन चौकशी करावी लागेल."

"घर को आनेवाले?" अम्मीचे डोळे चमकले. तिच्या लेखी सरकारी असो की सोयरा, उंबरा ओलांडला की तो पाहुणा.

त्या सकाळी मी झेरॉक्स काढायला शहागंजला गेले आणि परत येऊन बघते तर काय! घर ओळखू येईना. गालिचा, पंखा, कोरी चादर, आणि अम्मीच्या हातात खालाच्या सोन्याच्या बांगड्या.

"अम्मी, अगं आपल्याला गरिबी दाखवायचीय! माझं लग्न नाही ठरवायचं!" मी किंचाळलेच.

"मेहमान के सामने फटी चटई बिछाऊं क्या? शरम नै आती?"

तेवढ्यात तलाठी दारात. आता काय आवरणार, कपाळ! ते गालिच्यावर बसले, पंख्याचं वारं खाल्लं. सोनेरी काठाच्या कपात चहा आला.

"भाभी, महिन्याची कमाई किती होते?"

अम्मीनं बिनधास्त मे महिन्याची कमाई सांगून टाकली. आमच्या शहरात मे महिन्यात कूलरवाल्याला जेवायलाही फुरसत नसते. वर आणखी म्हणाली, "अल्ला का दिया सब कुछ है." जून संपत आला होता, अब्बा आतल्या खाटेवर रिकामे बसले होते. पण अम्मी बोलत असताना मध्ये तोंड घालायची त्यांची काय बिशाद!

तलाठ्यांनी त्या आकड्याला बारानं गुणलं आणि मान हलवली. "असं असेल तर तुम्ही मर्यादेबाहेर जाता."

हातातला कप भिंतीवर फेकावा इतका राग आला होता, पण कप काकूंचा होता.

माणूस भला. पेन खाली ठेवून म्हणाले, "घरात काय मांडलंय ते मला लिहायचं नाही. वर्षभरात हातात काय पडतं, ते लिहायचंय. पावसाळ्यात कूलरचं काम असतं का?"

अम्मीनं माझ्याकडं पाहिलं. मग सावकाश बांगड्या उतरवून रुमालावर ठेवल्या.

"पावसाळ्यात काही नाही, साहेब. हिवाळ्यात पण नाही. चार महिने कमावतो, बारा महिने खातो."

पाहुण्यासमोर अम्मीला 'नाही' म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिचा आवाज कापला आणि मला रडूच फुटलं. मघाचा राग कुठल्या कुठं गेला.

"गालिचा?" तलाठ्यांनी विचारलं.

"समोरचा."

"कप?"

"शेजारचे."

"मग यातलं तुमचं काय?"

"चायपत्ती," अम्मी ताठ मानेनं म्हणाली. "पियो, ठंडी हो रही."

तलाठी इतके हसले की चहा गालिच्यावर सांडला. तो डाग खाला अजून दाखवते.

दाखला मिळाला, फी माफ झाली. आता मी सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे. मर्यादेच्या आम्ही कधीच बाहेर पडलो, आणि अम्मी ते गल्लीभर सांगत फिरते. माझ्या पहिल्या पगारातून तिनं सोनेरी काठाचे कप घेतले. आता गल्लीत कुणाकडंही पाहुणा आला की तेच कप जातात.

मागच्या महिन्यात पलीकडच्या वहिनी आल्या. त्यांच्या सासूच्या निराधार पेन्शनची चौकशी होती. "चाची, साहेब येणारेत. तुमचे कप द्या ना."

अम्मीनं कपाट उघडलं, कपांकडं बघितलं आणि दार लावून घेतलं. "आज नाही मिळायचे. स्टीलच्या पेल्यात दे."

वहिनी हिरमुसून वळल्या. अम्मीनं त्यांना हाक मारली आणि चहाचा पुडा त्यांच्या हातात कोंबला.

"ये ले जा. पत्ती अच्छी डाल."