डबे सांभाळायला ठेवलेल्या भूगोलाच्या बाई

अन्याय माझ्या आईवर झाला. जानेवारी २०२१ मधल्या एका शनिवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, कॉझिअस्को नॅशनल पार्कमधल्या चार्लट पासला, जिथे गाड्या लावतात तिथे. करणारी मीच.

आई तीन महिन्यांसाठी म्हणून सिडनीतल्या पॅरामॅटाला माझ्याकडे आली आणि कोविडमुळे विमानं बंद झाली. बाबा तिकडे साताऱ्यात, ही इकडे माझ्या फ्लॅटमध्ये, याला अकरा महिने होत आले होते. त्या दिवसांत मी पत्रकं लिहायचे. कामाच्या शिफ्ट गेलेल्या, घरी परतता न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. 'आम्हाला विचारल्याशिवाय आमचं काही ठरवू नका!' ही ओळ माझी. त्या पत्रकांच्या घड्या आईनेच घातल्या होत्या, कडेला कड जुळवून.

मुक्काम पार्कजवळ, जिंडबाइनच्या एका केबिनमध्ये होता. माझ्या युनिव्हर्सिटीतले दोन मित्र आणि आम्ही दोघी. आईने पहाटे उठून सगळ्यांच्या पोळ्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी केली. चार्लट पासला पोचल्यावर मी म्हणाले, "आई, तू थांब इथेच. पुढे दगडांवरून नदी ओलांडायचीय, तुला झेपायचं नाही. डबे सांभाळ."

"काकू, तुम्ही मस्त आराम करा," मित्रांनी री ओढली.

आई "बरं" म्हणाली. आपल्याकडच्या बायकांचं हे "बरं" ऐकून कुणी थांबत नाही. मीही थांबले नाही.

ब्लू लेकचं तळं बघून आलो तेव्हा दुपार कलली होती. आई गाडीशेजारी चटईवर बसलेली, मांडीवर डबे. म्हणाली, "कशी होती गं त्या तळ्याची बाजू? एकदम उभी, खुर्चीच्या पाठीसारखी? आणि तोंडाशी दगडगोटे?"

आम्ही तळ्याचा फोटो शोधायला लागलो. फोनमध्ये एकूण एक फोटो आमच्या तोंडांचे होते.

"हिमगव्हर आहे ते," आई म्हणाली. डब्याच्या झाकणावर साठलेल्या वाफेत तिने बोटाने आकृती काढली. "हिमनदी डोंगर कोरते. बर्फ गेलं की खळग्यात तळं उरतं. अठ्ठावीस वर्षं फळ्यावर काढलंय मी हे. बघितलं एकदाही नाही."

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं! तरी तिला डब्यांच्या राखणीला बसवलं.

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"विचारलंस कुठे? पत्रकात तर वेगळंच लिहिलं होतंस."

एका मित्राला ठसका लागला. हसू दाबत होता मेला.

रविवारी सकाळीच सिडनीला निघायचं ठरलं होतं. ते मोडलं. पुन्हा चार्लट पास. या वेळी डबे मित्रांकडे, आणि आम्ही दोघी उतारावर. नदीशी आल्यावर आईने बूट काढून लेस गळ्यात अडकवल्या, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि दगड चाचपत पलीकडे गेली. मी तिसऱ्या दगडावरून घसरले आणि कंबरेपर्यंत भिजले.

"झेपतंय ना?" पलीकडून आवाज आला.

चढावर मात्र ती दमली. दर वळणाला थांबायची, पण कारण वेगळंच सांगायची: हे फूल बघ, तो खडक बघ. मीही बघत होते. घाई कसली?

तळं समोर आलं तेव्हा ती नेमकी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. तोंड माझ्याकडे, हात मागे दाखवत: "हे हिमगव्हर. ही मागची भिंत. ही दगडांची रास म्हणजे हिमोढ." फळ्याकडे पाठ करून शिकवायची सवय! मग बोलता बोलता थांबली आणि वळली. काळंनिळं पाणी, उभे कडे, सावलीत उरलेला बर्फाचा एक मळकट तुकडा. ती बघतच राहिली. ओल्या पँटमध्ये मी कुडकुडत होते, पण तिला हाक मारायचा धीर झाला नाही.

शेवटी म्हणाली, "आकृती बरोबर काढत होते मी."

हे वाचणाऱ्या तुम्हाला माझी मागणी एकच आहे. पुढच्या सहलीला आईच्या हातात डबे देण्याआधी तिला विचारा, "येणार का?" ती "बरं", "तुम्ही जा", "माझं काय" म्हणेल. ते उत्तर मान्य करू नका. पुन्हा विचारा, आणि ती खरं सांगेपर्यंत जागचे हलू नका.