चेंडू खाली ठेवायचा नाही

क्लबचं सामान सांभाळणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही, पण सगळे त्याच्यासमोरच बोलतात. हॅम्बर्गच्या एका छोट्या अमेरिकन फुटबॉल क्लबात मी दोन हजार सालानंतर सहा वर्षं ते काम केलं. हेल्मेटं पुसली, जर्सी धुतल्या. कपाटात मोजे जमले, डोक्यात किस्से. मोजे परत दिले, किस्से राहिले.

मी मिरजेचा. शाळा सातवीपर्यंत, कबड्डी मात्र जिल्ह्यापर्यंत. इथे जहाजाच्या कारखान्यात फिटर होतो. रिटायर झाल्यावर क्लबात जायला लागलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, परक्यांचे मोजे धुणार? घरचे कधी धुतले नाहीत!"

खरं होतं. तरी गेलो.

*

आमचा कोच लेस्टर अमेरिकन. तिकडे तो रनिंग बॅक होता, म्हणजे लांबट चेंडू पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसणारा. शेवटच्या सामन्यात त्याच्या हातून चेंडू सुटला आणि त्याच सामन्यात गुडघाही गेला. खेळ संपला.

खेळाडू विचारायचे, "कोच, गुडघा दुखला म्हणून चेंडू सुटला ना?"

"नाही. चेंडू आधी," तो म्हणायचा. 

*

म्हणून त्याचा एकच नियम होता. ज्याच्या हातून चेंडू सुटेल त्याने तो रविवार ते रविवार काखेत घेऊन फिरायचं. कामावर, बसमध्ये, जेवताना. कोणीही कधीही त्यावर फटका मारावा. पडला तर आणखी एक आठवडा!

आमचा काई पोस्टमन. त्याच्यावर पाळी आली. एका हाताने सायकल, काखेत चेंडू. वळणावर घसरला. सगळी पत्रं चिखलात, चेंडू काखेत.

कोचने त्याला शाबासकी दिली. पोस्टाने नाही.

*

एकदा कोच मला म्हणाला, "मिस्टर जाधव, तुमच्या कबड्डीत चेंडूच नाही. मग पकडता काय?"

"माणूस," मी म्हणालो.

तो हसला. मी म्हटलं, ये. चेंडू घेऊन तो माझ्या बाजूने निघाला. मी त्याचा घोटा धरला. दोघंही गवतावर आडवे! मी घोटा सोडला नाही, त्याने चेंडू सोडला नाही. शेवटी काईने आम्हाला सोडवलं.

त्यानंतर घोटा धरायचं मी शिकवायचो. मोजेही धुवायचो.

*

मैदानाला लागून एक इमारत. तिसऱ्या मजल्यावर बेकरबाई. एका रविवारी त्या छापील नियम घेऊन खाली आल्या. रविवारी आरडाओरडा बंद, इथला कायदाच तसा! कोचचा आवाज तर बंदरापर्यंत जायचा.

मग कोचने सगळं हातांच्या खुणांवर आणलं. बेकरबाई बाल्कनीतून तोंड वाकडं करून बघायच्या, पण एकही रविवार चुकवला नाही.

पुढे बाहेरगावी सामना होता. तिथल्या लोकांनी एवढे ढोल बडवले की त्यांच्याच पोरांना त्यांचा कोच ऐकू येईना. आमची पोरं फक्त हात बघत होती. जिंकलो.

कोच केक घेऊन बेकरबाईंच्या दारात गेला. बाई म्हणाल्या, "रविवारी बेल वाजवू नका."

*

कोचला दर वर्षी इथे राहायचा परवाना वाढवून घ्यावा लागायचा. त्या वर्षी क्लब खालच्या गटात घसरला होता. अशा क्लबाला अमेरिकेचा कोच कशाला, असं विचारतील याची सगळ्यांना भीती. नाही म्हटलं तर त्याने सामान बांधायचं.

परवान्याच्या ऑफिसचं पत्र आलं. भेट गुरुवारी. रविवारी मैदानात तो ते वाचत उभा होता. काईने सवयीने चेंडू फेकला. कोचच्या हातून सुटला!

मी चेंडू उचलून त्याच्या हातात दिला. मी म्हणालो, "कोच, आठवडा."

घरी बायको म्हणाली, "अहो, त्याला तरी सूट द्यायची!"

"सूट दिली तर नियम कसला?"

*

त्याचं जर्मन अर्धं, म्हणून गुरुवारी मी बरोबर गेलो. आमचा नंबर आला. दार उघडलं. टेबलामागे बेकरबाई!

मी मराठीत एक शब्द बोललो. तो इथे लिहीत नाही.

बाईंनी ओळख दाखवली नाही. एकेक कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "चेंडू खाली ठेवा. सही करायची आहे."

मी कोचला सांगितलं. तो म्हणाला, "रविवारपर्यंत नाही."

ते मी बाईंना सांगितलं. आवाज जरा बारीक निघाला.

त्याने एका हाताने सही केली. कागद मी धरला.

बाई उठल्या. टेबलाला वळसा घालून आल्या. डाव्या हाताने पासपोर्ट पुढे केला. कोचने तो घ्यायला हात लांबवला, आणि बाईंनी उजव्या मुठीने चेंडूवर खालून असा फटका मारला की माझ्या हातातले कागद पडले!

चेंडू हलला नाही.

"गुट," बाई म्हणाल्या. म्हणजे छान. पासपोर्ट घेऊन परत खुर्चीत बसल्या आणि शिक्का मारला.

"पुढचा!" त्या दाराकडे बघून ओरडल्या.

गुरुवार होता.