एका सवारीची जागा

धाड ते बुलढाणा या रस्त्यावर आजवर जितक्या जीपा धावल्या, त्या सगळ्यांतला सर्वांत महाग पार्ट म्हणजे माझा ड्रायव्हर. आमच्याकडे जीपच्या पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चार माणसं बसतात, हे ठरलेलं आहे. माझ्या गाडीत तीनच बसत. चौथ्याची जागा ड्रायव्हर स्वतःच व्यापायचा आणि ती सवारी दर फेरीला दुसऱ्याच्या जीपमध्ये जायची. गाडी कायम उजवीकडे कललेली असे. मिस्त्रीने त्या बाजूच्या स्प्रिंगला दोनदा जास्तीचा पाटा टाकला आणि तिसऱ्यांदा मला सांगितलं, "भाऊ, पाटा राहू द्या, मानूस बदला." मोठ्या वळणावर हॉर्न त्याच्या पोटानेच वाजायचा. त्यामुळे अपघात मात्र कधी झाला नाही, हे कबूल करायला हवं.

त्याला खाण्याचा नाद होता असं मी म्हणणार नाही. त्याला नाही म्हणता येत नसे, एवढंच. बाजाराला निघालेल्या बाया त्याच्या हातावर कधी ठेचा-भाकर ठेवत, कधी नातवाच्या बारशाचे लाडू, आणि तो सगळ्यांचं मन राखायचा. "काऊन बे, डॉक्टरनं बंद सांगितलं ना तुले?" असं मी विचारलं की शांतपणे म्हणायचा, "डॉक्टर महिन्यातून एकडाव भेटते भाऊ. या माउल्या रोज भेटतात." मग गुडघे धरले की चार-चार दिवस तो घरी आणि माझी जीप दारात.

शेवटी मी मन घट्ट केलं आणि दुसरा ड्रायव्हर पाहतो म्हणून सांगितलं. तो चिडेल, भांडेल, अशा तयारीने गेलो होतो. "बराबर हाये भाऊ. माह्यापायी तुमचं नुकसान काऊन?" तो एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी एक किडकिडीत ड्रायव्हर त्यानेच शोधून आणला आणि कोणत्या फाट्यावर कोणती म्हातारी उभी असते, हेही त्याला शिकवून ठेवलं. मला अपराध्यासारखं वाटलं, पण पुढे चारजण बसू लागले.

परवा सकाळी त्या चारात मीही होतो. तो रस्त्याच्या कडेने चालत येताना दिसला. घामाने निथळत होता, चेहरा उतरला होता. गाडी थांबवून मी त्याला बस म्हटलं.

"जागा कुठं हाये भाऊ?" तो हसून म्हणाला. "रोज चालून राह्यलो. लाडूबी सोडले."

मला स्वतःची लाज वाटली. मी खाली उतरलो, गाडी पुढे पाठवली आणि त्याच्याबरोबर चालू लागलो. मैलभर चालून झालं.

"उद्यापासून गाडीवर ये," मी कसंबसं म्हणालो.

"उद्या नाई भाऊ. आता कुठं अर्ध्या सवारीची जागा झाली. पुरी होऊ द्या."

मग मला धाप लागलेली पाहून त्याने आपली चाल हळू केली.