पर्वातला पंप
भाद्रपदात आमच्या जैन घरात पर्युषण पर्वातल्या उपवासाचं पाणी उकळायला लागलं की एक दुपार आठवते. बायकोची पाळी जायला लागली होती, वर्षभरात वजन एकोणसत्तरवरून अठ्ठ्याहत्तर किलोवर गेलं होतं आणि जुना दमा उसळला होता. मिरजेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत; वजन उतरवा, पण दम्याचा पंप चुकवू नका. तिने वजनासाठी म्हणून पर्वात कडक उपवास धरला आणि पंपच बंद केला, कारण उपवासात उकळलेल्या पाण्याशिवाय तोंडात काही घ्यायचं नसतं. दुपारी ती उंबऱ्यावर बसून धापा टाकू लागली. मी पंप पुढे केला तर म्हणाली, "उपवास मोडंल." आई नुकतीच जेवायला बसत होती. "पंपात काय भात हाय व्हय? वढ आत. पाळी जाताना मलाबी असाच दम लागायचा. कुनाला सांगितलं न्हाई." "आवं आई, पण नेम?" "तुजा नेम मी धरते," म्हणत आईने न जेवताच ताट बाजूला सारलं. बायकोने पंप ओढला. आता आई नाही. पंप घेऊन झाला की बायको कधी कधी विचारते, "आईंना दम लागायचा तवा कुनी काय दिलं असंल वो?"